सहासष्टाव्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा

मैत्रिणींनो, अडावदजवळच्या उनपदेवला आपल्यापैकी बऱ्याच जणी जाऊन आल्या असतील. गोमुखातून पडणारं ते गरम पाणी! असेच झरे, पण कितीतरी पट कढत, समुद्राच्या तळाशीही आहेत. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोल पाणबुडी उतरली, तर त्या काळोखात शिंपले, खेकडे आणि ना तोंड ना पोट असे लांबच लांब किडे सुखाने नांदत होते. ऊन नाही, हिरवं पान नाही. मग यांना जेवू कोण घालतं?

याचं उत्तर नव्वद वर्षं आधीच एका माणसाला सापडलं होतं. सर्गेई विनोग्राडस्की. जन्म १८५६, कीव्ह शहरात. आधी कायदा, मग पियानो. मन कशातच रमेना. शेवटी वनस्पतिशास्त्रात जीव रमला. १८८७ च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं, की काही जिवाणू उन्हावाचून, गंधकयुक्त वायूपासून शक्ती मिळवतात. समुद्रतळाच्या झऱ्यांवरचा संसार याच तत्त्वावर चालतो. आपण केळीला युरिया टाकतो, त्याचा पिकाला लागणारा नायट्रेट करणारे मातीतले जिवाणूही त्यांनीच वेगळे काढले.

पुढे संशोधन सुटलं. कित्येक वर्षं ते गावाकडची शेतीवाडी बघत बसले. १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर तीही गेली, देश सोडावा लागला. अशा वेळी, १९२२ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर संस्थेचं बोलावणं आलं. वय सहासष्ट! त्यांनी पुन्हा मातीत हात घातला. मुलगी हेलेन मदतीला होती. नव्वदी ओलांडल्यावर, १९४९ मध्ये, मोठा ग्रंथ काढला. १९५३ मध्ये ते गेले. समुद्रातले झरे त्यांना बघायला मिळाले नाहीत.

उष्णतेत जगणाऱ्या जिवाणूंची विकरं आज डीएनएच्या प्रती काढायला वापरतात. कोरोनातली आरटीपीसीआर चाचणी अशाच विकरावर चालली. गोव्याच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञही हिंदी महासागरात हे झरे शोधताहेत.

बचत गटाच्या कामात मला चाळिशी-पन्नाशीच्या बाया भेटतात. शिक्षण अर्धवट सुटलेलं, शिलाई मशीन धूळ खात पडलेलं. आता या वयात काय, असं म्हणतात. त्यांना मी या माणसाची गोष्ट सांगते. मधली वर्षं वाया गेली, असं समजू नका गं. सुटलेलं काम पुन्हा हाती घेता येतं.