रानडे आणि आयात कराचं गणित

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे म्हणजे प्रार्थना समाज आणि विधवाविवाह, एवढंच मी शाळेत पाठ केलं होतं. दोन मार्कांचं उत्तर! हाच माणूस कापड, लोखंड आणि कर्जाच्या व्याजावरही तळमळीने बोलायचा, हे मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं.

रानडे १८४२ साली निफाडला जन्मले, १८७१ मध्ये पुण्यात न्यायाधीश झाले. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी सरकारच्याच धोरणाची चिरफाड केली. १८८२ मध्ये सरकारने जवळजवळ सगळे आयात कर उठवले. मँचेस्टरचं कापड बिनकराचं येऊ लागलं. आपण कापूस पाठवायचा आणि कापड विकत घ्यायचं, असा हा मुक्त व्यापार. शर्यत खुली होती, पण एकाच्या पायात बूट आणि दुसरा अनवाणी.

१८९० मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत आणि १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजच्या व्याख्यानात त्यांनी हेच मांडलं. इंग्लंडला लागू पडलेला नियम सगळ्या देशांना, सगळ्या काळात लागू पडत नाही. त्यासाठी त्यांनी जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रिडरिख लिस्टचा आधार घेतला. पण नुसता कर लावा, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. नव्या उद्योगांना स्वस्त भांडवल मिळावं आणि सरकारने पुढाकार घ्यावा, हा त्यांचा आग्रह होता.

झालं उलटंच. १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के कर लागला, आणि आपल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच! १९०१ मध्ये रानडे गेले. पोलादाला संरक्षण देणारा कायदा आला १९२४ मध्ये.

मग संरक्षण चांगलंच का? इथे मी अडतो. स्वातंत्र्यानंतर आपण परदेशी मालाला दारं जवळपास बंद केली. कारखाने उभे राहिले, पण माझ्या बाबांना स्कूटरसाठी नंबर लावून काही वर्षं वाट पाहावी लागली. स्पर्धाच नसेल तर माल सुधारायची घाई कोणाला? १९९१ मध्ये ती दारं उघडू लागली.

लिस्टच्या मते संरक्षण हे उद्योग पायावर उभा राहीपर्यंतच. पांगुळगाडा कधी काढायचा, हे मात्र कोणी सांगत नाही. उद्या आपणच कारखान्यात असू. तेव्हा कर वाढवून मागण्याआधी आपला माल त्याच्याशिवाय कधी टिकेल, हे गणित आपल्यालाच मांडावं लागेल. पटतंय का?