मवाळ प्रशिक्षकाचा विजय

जरब बसवील तोच खरा प्रशिक्षक, हा समज क्रीडाक्षेत्रात सर्वत्र रूढ आहे. त्यास छेद देणारे उदाहरण म्हणून पश्चिम जर्मनीचे फुटबॉल प्रशिक्षक हेल्मुट शोन यांच्या कारकिर्दीकडे पाहावे लागेल.

ड्रेस्डेन येथील एका कलावस्तूंच्या व्यापाऱ्याच्या घरी १९१५ साली शोन यांचा जन्म झाला. आघाडीच्या फळीतील या उंच खेळाडूने जर्मनीतर्फे १६ सामन्यांत १७ गोल केले आणि १९४३ व १९४४ साली आपल्या ड्रेस्डेनच्या क्लबला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. महायुद्धात शहर बेचिराख झाले. पुढे पूर्व जर्मनीच्या राजवटीने क्लबही मोडीत काढला. १९५० साली शोन यांनी पश्चिम बर्लिन गाठले. सारलँडच्या संघाचे प्रशिक्षकपद, मग झेप हेरबर्गर यांचे साहाय्यकपद आणि १९६४ साली त्यांचा वारसा, असा पुढील प्रवास झाला. १९६६ च्या विश्वचषकात उपविजेतेपद, १९७० मध्ये तिसरा क्रमांक आणि १९७२ मध्ये युरोपचे अजिंक्यपद त्यांच्या संघाने मिळविले.

खरी कसोटी लागली ती १९७४ साली, मायदेशी भरलेल्या विश्वचषक स्पर्धेत. बक्षिसाच्या रकमेवरून खेळाडूंनी आधीच वाद घातला होता. त्यात २२ जून रोजी हँबुर्ग येथे पूर्व जर्मनीने त्यांच्या संघास १-० असे हरविले. ज्या भूमीतून परागंदा व्हावे लागले, तिच्याच संघाकडून झालेला हा पराभव शोन यांच्या जिव्हारी लागला. तथापि मानापमानाचा प्रश्न न करता त्यांनी कर्णधार फ्रांझ बेकनबाउअर यांचे परखड म्हणणे ऐकून घेतले व संघात बदल केले. त्या बदलांत आलेल्या २२ वर्षांच्या राइनर बोनहोफ यांच्याच पासवर ७ जुलै रोजी म्युनिक येथे गेर्ड म्युलर यांनी निर्णायक गोल केला आणि हॉलंडविरुद्धचा अंतिम सामना पश्चिम जर्मनीने २-१ असा जिंकला.

तेव्हा खरी सूत्रे कर्णधाराच्याच हाती होती, असा आक्षेप घेतला जातो. तो वरवरचा आहे. संकटकाळी कनिष्ठांचे ऐकण्यास आज्ञा देण्याहून अधिक धैर्य लागते. शिवाय निर्णयाची जबाबदारी अखेर शोन यांच्याच शिरावर होती. १९७८ च्या विश्वचषकात ऑस्ट्रियाकडून झालेल्या पराभवाने त्यांची कारकीर्द संपली, १९९६ साली ते निवर्तले. अधिकार गाजविल्यावाचूनही तो टिकतो, हेच त्यांच्या चरित्राचे सार होय.