दंडनीतीला माणुसकी शिकविणारा : चेझारे बेक्कारिया

आरोपीलाही काही हक्क असतात, ही गोष्ट आज आपल्याला नवी वाटत नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या युरोपात मात्र ती उघडपणे मांडणे धोक्याचे होते. ज्याने ती मांडली तो कोणी रणशूर वीर नव्हता की नामांकित वकील नव्हता. भिडस्त, आळशी आणि काहीशा भित्र्या स्वभावाचा तो एक तरुण उमराव होता. त्याचे नाव चेझारे बेक्कारिया.

त्याचा जन्म १५ मार्च १७३८ रोजी इटलीतील मिलान शहरी झाला. मिलानवर त्या वेळी ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याचा अंमल होता. पार्मा येथील जेझुइट पाद्र्यांच्या विद्यालयात त्याचे शिक्षण झाले आणि १७५८ मध्ये त्याने पाव्हिया विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. पुढे तेरेसा ब्लास्को या तरुणीशी विवाह करण्याचे त्याने ठरविले. वडिलांना हा संबंध मान्य नव्हता. त्यांनी सरकारी हुकूम मिळवून मुलाला काही काळ घरातच अडकवून ठेविले. तरीही १७६१ मध्ये हा विवाह झाला. बापलेकांचा समेट घडवून आणण्यास मदत केली ती पिएत्रो व्हेर्री या मित्राने.

व्हेर्री बंधूंच्या घरी तरुणांचे एक मंडळ जमत असे. वाद इतके हातघाईवर येत, की त्यांनी आपल्या मंडळाला गमतीने ठोशांची अकादमी असे नाव दिले होते. धाकटा बंधू अलेस्सांद्रो याच्याकडे कैद्यांचा पालक हे सरकारी पद होते. तुरुंगातील हकिगती तो मंडळात सांगत असे. बेक्कारियाला न्यायालयांचा वा तुरुंगांचा स्वतःचा अनुभव नव्हता, पण त्या ऐकलेल्या हकिगतींनी तो अस्वस्थ झाला. पिएत्रोने त्याला या विषयावर लिहावयास बसविले आणि ‘गुन्हे आणि शिक्षा यांविषयी’ हा छोटासा ग्रंथ तयार झाला. १७६४ मध्ये तो तोस्कानातील लिव्होर्नो येथे छापला गेला. लेखकाचे वय होते सव्वीस, आणि भीतीपोटी ग्रंथावर त्याचे नावही नव्हते.

या भीतीचे कारण समजण्यासाठी त्या काळची न्यायपद्धती पाहिली पाहिजे. खटले बंद दाराआड चालत. निनावी तक्रारीवरूनही माणसाला धरीत. भारी शिक्षेसाठी दोन प्रत्यक्ष साक्षीदार अथवा आरोपीचा कबुलीजबाब लागे. साक्षीदार नसले म्हणजे कबुलीजबाबासाठी छळ करीत. आरोपीचे हात पाठीमागे बांधून त्याला दोराने वर टांगण्याची रीत सर्रास होती. हा अत्याचार कायद्याला धरूनच होई, हे विशेष.

बेक्कारियाने नेमके या व्यवस्थेच्या मुळावर बोट ठेविले. त्याचे म्हणणे असे, की निकाल लागेपर्यंत कोणालाही गुन्हेगार म्हणता येत नाही. मग शिक्षा ठरण्यापूर्वीच यातना कशी देता येईल? शिवाय छळाने सत्य कळत नाही, माणसाचे स्नायू किती बळकट आहेत एवढेच कळते. धट्टाकट्टा गुन्हेगार सुटतो आणि दुबळा निरपराध फासावर जातो. गुन्हा कोणता व त्याला शिक्षा कोणती हे कायद्याने आधी सांगितले पाहिजे. शिक्षा गुन्ह्याच्या मानाने असावी, लवकर व्हावी आणि खात्रीने व्हावी. माणसाला जरब बसते ती शिक्षेच्या क्रूरपणामुळे नव्हे, तर ती टळणार नाही या जाणिवेमुळे. देहान्त शासनाला त्याने विरोध केला. खुनाचा निषेध करणाऱ्या कायद्यानेच खून करावा, हे त्याला विपरीत वाटले.

तथापि त्याच्या विचारातील एक उणीव झाकून ठेवणे योग्य नव्हे. देहान्ताऐवजी त्याने जन्मभराची सक्तमजुरी सुचविली, आणि ती का, तर पाहणाऱ्यांना तिचा धाक मरणापेक्षाही अधिक वाटेल म्हणून! माणुसकीचा कैवार घेणाऱ्या लेखकाचा हा हिशेब वाचकाला खटकल्यावाचून राहत नाही.

ग्रंथाला झपाट्याने कीर्ती मिळाली. १७६६ मध्ये रोमच्या धर्मपीठाने त्याला निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातले. त्याच वर्षी व्हॉल्तेअरने त्यावर भाष्य लिहिले. तुलूझ येथे १७६२ मध्ये झां कालास या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्याला पुत्रहत्येच्या आरोपावरून चाकावर हाडे मोडून ठार केले होते आणि १७६५ मध्ये तो निर्दोष ठरला होता. त्यामुळे फ्रान्समध्ये या विचारांना जमीन तयारच होती. पॅरिसच्या विद्वानांनी बेक्कारियाला बोलाविले. तो गेला खरा, पण घरच्या ओढीने लवकरच परतला. या प्रवासानंतर व्हेर्री बंधूंशी त्याचे बिनसले. रशियाच्या कॅथरीन राणीने आपल्या १७६७ च्या कायदेविषयक आदेशपत्रात त्याच्या ग्रंथाचा भरपूर उपयोग केला. पण तिचे बोलावणे त्याने नाकारले. तो मिलानमध्येच अर्थशास्त्राचा अध्यापक झाला व पुढे सरकारी नोकरीत रमला.

तोस्कानाच्या लेओपोल्ड राजाने १७८६ मध्ये छळ व देहान्त शासन दोन्ही रद्द केली. पुढे काही गुन्ह्यांपुरती देहान्ताची शिक्षा परत आली, पण हे करता येते हे युरोपला दिसले. आयुष्याच्या अखेरीस बेक्कारिया लोंबार्दीतील फौजदारी कायद्याच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीवर होता. तेथे १७९२ मध्ये त्याने व त्याच्या दोन सहकाऱ्यांनी देहान्ताविरुद्ध मत नोंदविले. मानवी पुरावा कधीच पूर्ण निर्दोष नसतो आणि या शिक्षेतील चूक दुरुस्त करता येत नाही, हा मुद्दा या वेळी पुढे आला. धाकाच्या हिशेबापेक्षा हा युक्तिवाद कितीतरी भक्कम होता. २८ नोव्हेंबर १७९४ रोजी मिलान येथे त्याचे निधन झाले.

१९५० च्या युरोपीय मानवी हक्क करारात छळाला बंदी आहे, निर्दोषत्वाचे गृहीतक आहे आणि आधी कायदा केल्यावाचून शिक्षा नाही हे तत्त्वही आहे. देहान्त शासनाला मात्र त्या कराराने वाव ठेविला होता. तो १९८३ च्या पुरवणी कराराने शांतताकाळापुरता व २००२ च्या पुरवणी कराराने, त्यावर सह्या करून तो मान्य करणाऱ्या देशांपुरता, सर्वस्वी बंद झाला. शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणाबाहेर नसावी, हे तत्त्व युरोपीय संघाच्या २००० च्या मूलभूत हक्कांच्या सनदेत आले आणि २००९ मध्ये ती सनद बंधनकारक झाली.

१७६४ ते २००२ म्हणजे दोनशे अडतीस वर्षे. ज्या विचारावर नाव घालण्याचे धैर्य लेखकाला झाले नाही, त्यावर पुढे कित्येक देशांनी आपल्या सह्या केल्या. कायद्याच्या विद्यार्थ्यानेच नव्हे, तर नागरिक म्हणविणाऱ्या प्रत्येकाने हा लहानसा ग्रंथ एकदा तरी वाचावा.