दिवाणखान्यात समुद्र आणणारा माणूस

आमच्या बीडपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटर दूर. खाऱ्या पाण्यातल्या माशांशी लहानपणी आलेला संबंध एवढाच, की शाळेच्या सहलीत मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय पाहिले. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या त्या मत्स्यालयात मी काचेला नाक लावून उभा राहिलो ते गुरुजींनी दंडाला धरून ओढून नेईपर्यंत. ती राहिलेली हौस निवृत्तीनंतर फिटली. दिवाणखान्यात दीडशे लिटरची काचेची पेटी आली, बाजारात मिळणारे समुद्री मीठ आले आणि दोन केशरी-पांढरे क्लाऊन मासेही आले. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात मासे पाळायचे आणि तेही खाऱ्या पाण्यात! शेजारच्या काकूंनी आधी हात जोडले आणि मग याला पाणी किती लागते, असे विचारले. प्रश्न रास्त होता.

दोन्ही मासे महिन्याभरात गेले. चूक माझीच. एप्रिलचे ऊन, पेटीतले पाणी रोज बोटभर खाली जायचे आणि मी ते खारे पाणी घालूनच भरून काढायचो. पाणी उडते, मीठ उडत नाही. तीस वर्षे मुलांना मिठागराचे उदाहरण देऊन बाष्पीभवन शिकवणाऱ्या रसायनशास्त्राच्या मास्तराने घरात मिठागरच तयार केले होते! घरच्यांनी हसू आवरले, पण मला फार लागले. चूक कुठे झाली हे शोधताना जुन्या पुस्तकांतून मागे मागे जात मी एका इंग्रज गृहस्थापाशी पोहोचलो.

फिलिप हेन्री गॉसचा जन्म १८१० सालचा, वूस्टर गावचा. वडील हस्तिदंतावर छोटी व्यक्तिचित्रे काढीत गावोगाव हिंडायचे. घरची ओढगस्त. सतराव्या वर्षी मुलगा अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून म्हणून गेला. तिथे १८३२ साली सूक्ष्मदर्शकावरचे एक जुने पुस्तक हाती लागले आणि कारकुनाचा निसर्गनिरीक्षक झाला. पुढे कॅनडात शेती केली, ती बुडाली. अलाबामात शाळा चालवली, जमैकात पक्षी गोळा केले. १८४८ साली एमिली बोवेसशी लग्न झाले. पुढच्या वर्षी मुलगा एडमंड जन्मला, तेव्हा गॉसने रोजनिशीत मुलाच्या जन्मापाठोपाठ जमैकाहून आलेल्या एका पक्ष्याचीही नोंद केली. असा हा माणूस.

१८५२ साली प्रकृती बिघडली म्हणून तो डेव्हनच्या किनाऱ्यावर जाऊन राहिला. ओहोटीला खडकांत साचणाऱ्या डबक्यांपाशी तासन् तास बसून तो समुद्रफुले, शेवाळे, खेकडे पाहू लागला. ते सारे घरी नेऊन जिवंत ठेवता येईल का, हाच ध्यास. १८४५ मध्ये इंग्लंडात काचेवरचा कर उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झालेली. वनस्पती आणि प्राणी एकत्र ठेवले तर पाणी टिकते हे रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दाखवले होते. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्यातले बरेच प्राणी गॉसने पुरवलेले होते. पुढच्या वर्षी त्याचे पुस्तक निघाले आणि ॲक्वेरियम हा शब्द घरोघरी गेला.

मला मोह पडला तो त्याच्या खाऱ्या पाण्याच्या कृतीचा. लंडनकरांनाही समुद्र दूरच. पाणी पिंपांतून आणावे लागे. गॉसने सुमारे साडेचार लिटर पाण्याला शंभर ग्रॅम साधे मीठ, सात ग्रॅम एप्सम मीठ, तेरा ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असे प्रमाण बसवले. एखाद्या गृहिणीने लोणच्याचे मीठ बसवावे तसे! पाणी तयार झाले तरी त्याने घाई केली नाही. आधी शेवाळ लागलेले दगड ठेवले, प्राणी काही दिवसांनी. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, काही जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग फारसे न बाधणारे नायट्रेट करतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार? सर्गेई विनोग्राडस्कीने ते जिवाणू १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले, तेव्हा गॉस जाऊन दोन वर्षे झाली होती. पण दगडांबरोबर ते जिवाणू त्याच्या भांड्यात आलेच असणार.

यशाच्या या दिवसांतच घर मोडले. एमिलीला स्तनाचा कर्करोग झाला. फार यातना सोसून ती फेब्रुवारी १८५७ मध्ये गेली. त्याच वर्षी गॉसने आपला कट्टर ख्रिस्ती विश्वास आणि भूशास्त्र यांचा मेळ घालणारे पुस्तक लिहिले. देवाने पृथ्वी निर्माण करतानाच ती जुनी दिसेल अशी केली, जीवाश्मांसकट, असा त्याचा युक्तिवाद. तो ना शास्त्रज्ञांना पटला, ना भाविकांना. पाण्याच्या थेंबात काय आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय न मानणारा हा माणूस इथे डोळे मिटून का बसला, हे मला अजून उमगलेले नाही.

आठ वर्षांच्या एडमंडला घेऊन तो टॉर्कीजवळ जाऊन राहिला. बापलेक ओहोटीच्या पाण्यात उतरून समुद्रफुले शोधत. पण तोवर गॉसची पुस्तके वाचून हौशी मंडळी बरण्या आणि हातोड्या घेऊन किनाऱ्यावर लोटली होती. खडकांतली डबकी ओरबाडली गेली. बापाला त्याचे फार दुःख झाले, असे एडमंडने १९०७ साली लिहिलेल्या आठवणींवरून दिसते. गॉस १८८८ मध्ये गेला.

हे वाचल्यावर मी पुन्हा मासे आणले ते समुद्रातून पकडलेले नव्हेत, पेटीतच जन्मलेले. प्रवाळाचा विचारही केला नाही. २००१ पासून त्याला आपल्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहेच. काचेवर रंगाची रेघ ओढली आहे. पाणी त्या रेघेखाली गेले की गोडेच पाणी घालतो. बोअरचे पाणी जड, म्हणून ते घरच्या फिल्टरमधून काढतो आणि फिल्टरने टाकलेल्या पाण्याने फरशी पुसली जाते. दर रविवारी सकाळी चहाच्या आधी तपासणी. हायड्रोमीटर १.०२५ वर हवा, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, पीएच ८.१ ते ८.४ मध्ये. आकडे वहीत टिपतो. महिन्याला तीस लिटर पाणी बदलावे लागते, तेही वहीत असते. काकू अधूनमधून येऊन ती वही मागतात. टँकर चुकला त्या महिन्यात मी पंधराच लिटर बदलले होते आणि नायट्रेटचा आकडा चढला होता. त्यांनी तो आकडा पाहिला, पेटीकडे पाहिले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या टाकीतली एक कळशी आणून दिली.