खरकट्या पाण्यावरचा शोध

भांडी घासताना तेलकट पाण्यावर तवंग पसरतो आणि साबणाचा थेंब पडताच तो बाजूला पळतो. हे रोज सगळेच पाहतात. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरातील आग्नेस पोकेल्स यांनी मात्र ते मोजायचे ठरवले.

आग्नेस यांचा जन्म 1862 मध्ये व्हेनिस येथे झाला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होते. हिवतापाने प्रकृती ढासळल्याने त्यांनी नोकरी सोडली आणि 1871 मध्ये हे कुटुंब ब्राउनश्वाइगला आले. आग्नेस यांना भौतिकशास्त्राची ओढ होती, पण मुलींच्या शाळेपलीकडे वाट नव्हती. विद्यापीठांचे दरवाजे स्त्रियांना बंद होते. पुढे ते किलकिले झाले, तेव्हाही आईवडिलांच्या इच्छेखातर त्या घरीच राहिल्या. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम हेच त्यांचे आयुष्य झाले. तीन वर्षांनी धाकटा भाऊ फ्रीड्रिख मात्र भौतिकशास्त्र शिकला. त्याची पुस्तके हेच बहिणीचे विद्यापीठ.

विशीच्या आसपास त्यांनी स्वयंपाकघरातच प्रयोग सुरू केले. सुमारे 70 सेंटीमीटर लांब आणि 5 सेंटीमीटर रुंद असे पत्र्याचे एक उथळ पन्हळ घेतले, ते काठोकाठ पाण्याने भरले आणि त्यावर पत्र्याची एक पट्टी आडवी ठेवली. पट्टी सरकवली की पाण्याचा पृष्ठभाग कमी-जास्त करता येई. पृष्ठभागावर टेकवलेली छोटी चकती वर ओढायला किती जोर लागतो, हे त्या तराजूने मोजत. हाच पृष्ठताण. पाण्यावर तेलाचा अंश असताना जागा आक्रसत नेली, तर एका ठरावीक मर्यादेपर्यंत पृष्ठताण जवळपास शुद्ध पाण्याइतकाच राहतो. ती ओलांडली की एकदम घसरतो. त्या क्षणी तेलाचे रेणू एकमेकांना खेटून उभे राहिलेले असतात, हा अर्थ नंतर उलगडला.

सुमारे दहा वर्षे हे काम प्रसिद्ध झाले नव्हते. इंग्लंडचे नामवंत शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले याच विषयावर काम करत असल्याचे कळल्यावर, जानेवारी 1891 मध्ये आग्नेस यांनी त्यांना जर्मन भाषेत पत्र लिहिले. रॅले यांनी ते बाजूला टाकले नाही. पत्राचे इंग्रजी भाषांतर करवून त्यांनी ते ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठवले आणि मार्चमध्ये ते छापून आले. पदवी नसलेल्या, घर सांभाळणाऱ्या या स्त्रीला विज्ञानजगताने ऐकले.

पुढे त्यांनी घन पदार्थावर द्रव कसा पसरतो आणि कडेला कोणता कोन करतो, यावरही संशोधन केले. 1914 मध्ये त्यावरचा लेख प्रसिद्ध झाला. आज संशोधक संगणकावर हजारो रेणूंची हालचाल गणिताने मांडून द्रव आणि घन यांच्या सीमेवर काय घडते ते पाहतात. तेव्हा हाच कोन प्रत्यक्ष मोजमापाशी जुळतो का, ही त्यांच्या गणिताची एक कसोटी असते.

1913 मध्ये भाऊ गेला, मग महायुद्ध आले आणि आग्नेस यांचे काम मंदावले. त्यांच्याच धर्तीच्या पन्हळात सुधारणा करून अमेरिकेतील अर्व्हिंग लँगम्युअर यांनी 1917 मध्ये रेणूंच्या थरांवरचे गाजलेले संशोधन मांडले. 1932 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्र विद्यापीठाने आग्नेस यांना मानद डॉक्टरेट दिली. वय होते सत्तर. 1935 मध्ये त्यांचे निधन झाले.

या पन्हळाचा धागा थेट रुग्णालयापर्यंत पोहोचतो. फुप्फुसातील सूक्ष्म वायुकोशांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. त्याचा पृष्ठताण कमी करणारा ‘सरफॅक्टंट’ हा स्निग्ध थर नसेल, तर श्वास सोडताच वायुकोश मिटतात. फुप्फुसातील द्रवाचा थर असाच आक्रसून त्याचा पृष्ठताण जॉन क्लेमेंट्स यांनी 1950 च्या दशकात मोजला. अपुऱ्या दिवसांच्या ज्या बाळांना श्वास घेता येत नाही, त्यांच्यात हाच थर अपुरा असतो, हे 1959 मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले. आज नवजात अतिदक्षता विभागात अशा बाळांच्या श्वासनलिकेत सरफॅक्टंट सोडले जाते आणि मिटलेली फुप्फुसे उघडतात. आग्नेस यांना याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांनी फक्त रोजच्या पाण्यावरचा तवंग नीट मोजला होता.