बिस्किटाच्या डब्यापासून देवळाच्या काचेपर्यंत : चित्रकार आल्फोन्स मुखा

ज्युबिलीच्या या स्मरणिकेत साधुसंतांची चरित्रे सोडून एका जाहिरात-चित्रकाराचे चरित्र आम्ही का द्यावे, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात उद्भवेल. आल्फोन्स मुखा हे संत नव्हते; इतकेच नव्हे, तर त्यांच्या आयुष्यात आम्हां धर्मगुरूंस खटकणारी एक गोष्ट आहे, ती आम्ही पुढे सांगणारच आहो. परंतु ज्या हाताने बिस्किटांचे डबे व साबणाच्या पेट्या सजविल्या, त्याच हाताने प्रभूची प्रार्थना चितारली व महामंदिराची काच रंगविली. आणि या दोहोंपैकी कोणतेही काम हलके समजून केले नाही. एवढ्यासाठीच हा प्रपंच.

मुखा यांचा जन्म २४ जुलै १८६० रोजी मोराविया प्रांतातील इवान्चित्से या लहानशा गावी झाला. हा प्रांत तेव्हा ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या अमलाखाली होता. आज तो चेक देशात मोडतो. वडील न्यायकचेरीत साधे नोकर होते. मूल चालू लागण्यापूर्वीच रेघोट्या ओढू लागले म्हणून आईने फितीत ओवलेली पेन्सिल त्याच्या गळ्यात अडकवून दिली होती, असे सांगतात. गावात पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचे देऊळ आहे. त्या देवळाचा उंच मनोरा या मुलाच्या डोळ्यांत जो एकदा शिरला, तो जन्मभर तेथेच राहिला. गळा चांगला असल्यामुळे अकराव्या वर्षी त्यास ब्रनो शहरी संत पेत्राच्या महामंदिरातील गायकवृंदात घेण्यात आले व त्या आधारावर त्याचे शिक्षण चालले. धूप, मेणबत्त्या, फुलांनी भरलेली वेदी, सोनेरी वस्त्रे यांच्या सहवासात त्याची ती वर्षे गेली. पुढे त्याच्या चित्रांत जी फुले व जी सुवर्णवलये दिसतात, त्यांचे मूळ शोधावयास पॅरिसला जाण्याचे कारण नाही, असे आमचे मत आहे.

१८७८ साली प्रागच्या कलाशाळेने त्यास प्रवेश नाकारला. तेव्हा तो व्हिएन्ना येथे नाटकगृहांचे पडदे रंगविणाऱ्या एका मंडळीकडे नोकरीस राहिला. ८ डिसेंबर १८८१ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशीच, तेथील रिंग थिएटर जळून शेकडो माणसे मेली. हे नाटकगृह त्या मंडळीचे मोठे गिऱ्हाईक होते. साहजिकच आल्फोन्सची नोकरी गेली. खिशातील पैसे नेतील तेथवर आगगाडीने जावयाचे, असे ठरवून तो मिकुलोव्ह या गावी उतरला आणि लोकांची चित्रे काढून पोट भरू लागला. तेथेच काउंट खुएन नावाच्या सरदाराची त्याच्यावर मर्जी बसली. त्याच्या मदतीने म्युनिक व मग पॅरिस येथे शिक्षण झाले. परंतु १८८९ मध्ये ही मदत एकाएकी बंद पडली, आणि मसुरीची डाळ व घेवडा यांवर दिवस काढण्याची पाळी आली.

दैव उघडले ते १८९४ च्या नाताळात. सारे चित्रकार सुटीवर गेले असता प्रसिद्ध नटी सारा बर्नहार्ट यांस ‘जिस्मोंदा’ या नाटकाचे भित्तिपत्रक तातडीने हवे होते. छापखान्यात मुखा तेवढे हजर होते. त्यांनी केलेले पत्रक १ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसच्या भिंतींवर झळकले. ते मनुष्याच्या उंचीहून मोठे होते. बाईंनी त्यांच्याशी सहा वर्षांचा करार केला.

मग व्यापाऱ्यांची रीघ लागली. नांत येथील लफेव्र-उतील यांची बिस्किटे, चॉकलेट, मद्याच्या बाटल्या, अत्तरे, सिगारेटचे कागद, नेस्लेचे बालकांचे अन्न, या सर्वांवर मुखा यांचे चित्र असे. हे सारे शिळाछाप पद्धतीने छापले जाई. प्रत्येक रंगास निराळा दगड, आणि प्रत्येक कागद प्रत्येक दगडावर नेमका बसला पाहिजे; केसाइतका सरकला तरी चेहरा बिघडे. जी वस्तू संपताच वेष्टन केरात जावयाचे, त्या वेष्टनावरील पाकळीन् पाकळी मुखा यांनी निगुतीने काढली आहे. त्यांच्या चित्रांतील अनेक स्त्रियांच्या मस्तकामागे संतांच्या मूर्तीमागे असते तसले वलय दिसते. सिगारेटचा धूर सोडणाऱ्या बाईची स्तुती आमच्याकडून व्हावयाची नाही. परंतु गरिबाच्या घरी ज्यावर नजर पडेल ते सुंदर असावे, भिंतीवरील कागद असो की डब्याचे झाकण असो, हा त्यांचा हेतू आम्हांस पटतो.

कीर्तीच्या शिखरावर असताना, १८९९ साली, त्यांनी प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेचे सचित्र पुस्तक केले. त्याच्या फक्त ५१० प्रती निघाल्या. आपली सर्वांत चांगली कृती ते हीच मानीत. येथेच ती खटकणारी गोष्ट सांगितली पाहिजे. १८९८ मध्ये ते पॅरिस येथे फ्रीमेसन झाले होते, व पुढे चेक देशातील त्या मंडळीचे प्रमुखही झाले. ख्रिस्तसभेने या मंडळीचा वारंवार निषेध केला आहे, हे वाचकांस ठाऊक आहेच; आणि त्या पुस्तकातील कांही चिन्हांवर त्या मताची छाया आहे. ही गोष्ट झाकून चरित्र लिहिणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटले. मनुष्याच्या अंतःकरणाचा न्याय परमेश्वराकडे.

पॅरिस व अमेरिका येथील पैसा सोडून १९१० मध्ये मुखा मायदेशी परतले. स्लाव लोकांच्या इतिहासाची वीस प्रचंड चित्रे करण्याचा त्यांचा संकल्प होता. त्यांतील मोठी चित्रे सुमारे आठ मीटर रुंद व सहा मीटर उंच आहेत. अमेरिकन धनिक चार्ल्स क्रेन यांनी खर्च दिला. या मालिकेतील एक चित्र इवान्चित्से येथील बोहेमियन बंधुसंघाच्या शाळेचे आहे. हा संघ आमच्या ख्रिस्तसभेबाहेरचा. तथापि एका अंध वृद्धास धर्मग्रंथ वाचून दाखविणारा त्यातील मुलगा पाहून मन द्रवते. गावच्या १९१३ च्या प्रदर्शनाचे भित्तिपत्रकही त्यांनीच केले, आणि त्यात देवळाचा तो मनोरा आहे. १९१८ मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा नव्या राज्याची टपाल तिकिटे व नोटा त्यांनी मोबदला न घेता आखून दिल्या. वीस चित्रे १९२८ मध्ये प्राग शहरास अर्पण झाली. तरुण कलावंतांस ती जुनाट वाटली.

प्रागच्या संत विट महामंदिरात त्यांची १९३१ ची काच आहे. तीत संत सिरिल व संत मेथोडियस यांचे प्रसंग असून मध्यभागी आजी संत लुडमिला व तिचा नातू, बालक संत वेन्सेस्लाउस, आहेत. खर्च स्लाविया बँकेने केला. म्हणून काचेच्या तळाशी बँकेचे नाव आहे. कोणी याला नाक मुरडील. या स्मरणिकेची शेवटली पाने दुकानदारांच्या जाहिरातींनी भरली आहेत व त्यांच्याच पैशांनी ही छापली आहे, म्हणून आम्ही कांही बोलत नाही.

मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. राष्ट्राभिमानी म्हणून गेस्टापोने या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वृद्धास पकडून त्याची जबानी घेतली. सुटका झाली, पण प्रकृती ढासळली, व १४ जुलै १९३९ रोजी न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला. त्यांस विशेह्राद येथे पुरले. ती वीस चित्रे गुंडाळून लपविण्यात आली होती. १९६३ पासून ती इवान्चित्सेच्या शेजारच्या मोराव्स्की क्रुम्लोव्ह येथील वाड्यात लोकांस दिसू लागली, २०१२ मध्ये प्रागला गेली, आणि २०२१ मध्ये त्याच वाड्यात परत आली.