विश्लेषण : ‘डब्ल्यूबीएम’मधील मॅकॅडम कोण? त्यांचा रस्ता शहरातील चौकात का टिकला नाही?

रस्त्याच्या निविदेत ‘डब्ल्यूबीएम’ हा शब्द हमखास असतो. त्याचे पूर्ण रूप ‘वॉटर बाउंड मॅकॅडम’. यातील मॅकॅडम हे एका स्कॉटिश माणसाचे आडनाव आहे.

कोण होते मॅकॅडम?

जॉन लाउडन मॅकॅडम यांचा जन्म १७५६ मध्ये स्कॉटलंडमधील एअर येथे झाला. वडिलांच्या निधनानंतर १७७० मध्ये ते न्यूयॉर्कला काकांकडे गेले आणि व्यापारात पैसा कमावला. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात त्यांनी ब्रिटनची बाजू घेतली. त्यामुळे बरीच मालमत्ता गमावून १७८३ मध्ये ते मायदेशी परतले. तेथे रस्ते हा त्यांचा ध्यास बनला. पदरचे पैसे खर्चून त्यांनी देशभरातील रस्ते पाहिले. १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

पद्धत काय होती?

थॉमस टेलफर्ड हे समकालीन अभियंते रस्त्याखाली मोठ्या दगडांचा पाया घालत. मॅकॅडम यांच्या मते भार जमीनच पेलते, फक्त ती कोरडी हवी. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच, मध्यभागी किंचित फुगीर आणि कडेला गटारे. वर फोडलेल्या, कोनदार खडीचे थर. एकही दगड साधारण १७० ग्रॅमपेक्षा जड नको. चाकांच्या दाबाने खडी एकमेकांत घट्ट बसे. खर्चही कमी येई.

शहरात काय अडले?

१८२०च्या दशकात लंडनमधील काही रस्त्यांवरची दगडी फरसबंदी काढून ही खडी टाकण्यात आली. पण गाड्यांच्या अखंड वर्दळीत लोखंडी धावांखाली खडीचा भुगा होई. उन्हाळ्यात धूळ, पावसात चिखल. चौकात गाड्या थांबतात, वळतात. तेव्हा चाके खडीला आडवा रेटा देतात आणि ती सुटते. वर्दळीच्या ठिकाणी म्हणूनच घडीव ग्रॅनाइटला मागणी राहिली.

पुढे काय झाले?

संसदेने मॅकॅडम यांना अनुदान दिले. १८३४ मध्ये त्यांनी ‘सर’ हा किताब नाकारला, तो मुलगा जेम्स यांना मिळाला. १८३६ मध्ये मॅकॅडम यांचे निधन झाले. मोटारी आल्यावर खडीत डांबर मिसळले जाऊ लागले. एडगर हूली यांनी १९०२ मध्ये ‘टारमॅक’चे पेटंट घेतले.

आज उपयोग काय?

उन्हात मऊ झालेले डांबर चौकात थांबणाऱ्या बसखाली दबते, म्हणून तेथे काँक्रीटचा पर्याय निवडला जातो. पण पृष्ठभाग कोणताही असो, खाली पाणी साचले की तो खचतोच. मॅकॅडम यांचा हा नियम अजून बदललेला नाही.